फिरत्या घरांतील दुसरी बॅटरी

पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढें चाकण या पट्ट्यांत राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा मोटारींच्या उद्योगाशीं कोठें ना कोठें संबंध येतोच. कोणाचे वडील गाड्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या यंत्रावर काम करतात, कोणाची बहीण तारांचे जुडगे बांधण्याच्या खात्यांत आहे, तर कोणाच्या मामांचें गॅरेज आहे. असें असूनही, ज्या गाडींत आपण बसतों तिच्यांत वीज कोठून येते, कोठें सांठते आणि कशी संपते, हें विचारलें असतां आपल्यापैकीं पुष्कळांस उत्तर देतां येणार नाहीं. हें अज्ञान एरवीं फारसें नडत नाहीं; पण एखादे वेळीं तें कसें अंगाशीं येतें, याचा अनुभव आम्हांस एका उन्हाळ्याच्या सुटींत आला. त्या निमित्तानें मोटारीच्या दुसऱ्या बॅटरीची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गाडीविषयीं दोन शब्द. आपण ज्यास सरसकट 'टेंपो' म्हणतों, तें मूळचें हँबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाडीचें नांव. त्या कारखान्याच्या सहकार्यानें १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी निघाली, आणि तिच्या तीन चाकी गाड्या इतक्या रूढ झाल्या कीं, विशेषनामाचें सामान्यनाम होऊन बसलें. आकुर्डीच्या याच कंपनीनें १९८७ सालीं 'ट्रॅव्हलर' ही उंच छपराची मोठी गाडी काढली. २००५ सालीं कंपनीनें आपलें नांव बदलून फोर्स मोटर्स असें केलें, तरी लोकांच्या तोंडीं 'टेंपो ट्रॅव्हलर' हेंच नांव राहिलें. शाळेच्या सहली, लग्नाचीं वऱ्हाडें, यात्रेकरू आणि रुग्ण या सर्वांस वाहून नेणारी ही गाडी जुनी झाली म्हणजे कांहीं हौशी लोक ती विकत घेतात, आंतील आसनें काढून तेथें पलंग, स्वयंपाकाचा लहानसा ओटा, दिवे, पंखा व शीतपेटी बसवितात आणि तिचें फिरतें घर करितात. परदेशांत ही हौस जुनी आहे. ज्या फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना २००९ सालीं चाकण येथें सुरू झाला, तिचीच १९५० सालीं निघालेली डब्याच्या आकाराची गाडी अशा फिरत्या घरांकरितां जगभर प्रसिद्ध झाली. आपल्याकडे मात्र गाडींत असा बदल करावयाचा तर आधीं परिवहन कार्यालयाची संमति घेतली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम याच विषयाचें आहे.

अशाच एका जुन्या ट्रॅव्हलरमधून आम्ही चार मोठीं माणसें व दोन मुलें चाकणहून निघून जुन्नरच्या पुढें एका गांवाबाहेर मुक्कामास उतरलों. गाडीच्या मालकांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, गाडींत एक सोडून दोन बॅटऱ्या आहेत; रात्रभर पंखा लावा, काळजी नाहीं. आम्हीं पंखा लावला, दिवे लावले, शीतपेटी तर चालूच होती. पहाटे मुलांतील धाकट्यास जोराचा ताप भरला. त्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें म्हणून मालकांनीं किल्ली फिरविली, तों इंजिनांतून 'टक् टक्' असा बारीक आवाज मात्र आला. दिवे निखाऱ्यासारखे तांबूस झाले होते. दोनही बॅटऱ्या रिकाम्या! गांवांतील आठ-दहा माणसें धांवून आलीं, त्यांनीं गाडी उतारापर्यंत लोटीत नेली, आणि दुसऱ्या गिअरमध्यें धक्का मारून ती एकदांची सुरू झाली. जुन्नरच्या दवाखान्यांत मुलास औषध मिळालें व दुपारपर्यंत ताप उतरला. परंतु त्या अर्ध्या तासांत त्याच्या आईच्या जिवाची जी उलघाल झाली, ती आम्हीं पाहिली आहे. उतार नसता तर काय झालें असतें, हा विचार आजही मनांतून जात नाहीं.

परत आल्यावर गाडी तपासली, तेव्हां दोष ध्यानांत आला. दुसरी बॅटरी होती, चांगली होती, पण ती पहिलीशीं साध्या तारेनें कायमची जोडलेली होती. दोन कणग्यांमधली भिंतच काढून टाकावी, तसा हा प्रकार. शेतकऱ्याच्या घरीं खाण्याचें धान्य एका कणगींत आणि बियाणें दुसऱ्या कणगींत असतें. खाण्याचें धान्य संपलें तर चार दिवस ओढीचे जातात; पण बियाणें खाल्लें तर पुढचें वर्षच बुडतें. मोटारीची पहिली बॅटरी हें बियाणें होय. तिच्यावर इंजिन सुरू होतें, आणि इंजिन सुरू झालें तरच नवी वीज निर्माण होते. दुसरी बॅटरी हें खाण्याचें धान्य. दुसऱ्या बॅटरीचें खरें प्रयोजन अधिक वीज मिळविणें हें नसून बियाण्यास हात लागूं न देणें हें आहे. एवढी एक गोष्ट ध्यानीं धरली, तर पुढील सर्व रचना आपोआप उलगडते.

आतां बॅटरी म्हणजे काय तें पाहूं. शिसें व आम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं तयार केली, आणि १८८१ सालीं कामीय फोर यानें तिच्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन ती पुष्कळच सुधारली. आपल्या मोटारींत आजही बहुशः हीच बॅटरी असते. अशा बॅटऱ्यांचा मोठा कारखाना चिंचवड येथेंच आहे. तिच्यांत सहा घट असतात. प्रत्येक घटांत शिशाचे व शिशाच्या ऑक्साइडाचे पत्रे पातळ गंधकाम्लांत बुडविलेले असतात. प्रत्येक घट सुमारें २.१ व्होल्टांचा दाब देतो. म्हणून सहा घटांचा मिळून १२.६ होतो. बॅटरी वीज देऊं लागली म्हणजे आम्लांतील गंधकाचा अंश दोनही पत्र्यांवर जाऊन बसतो, तेथें शिशाचें सल्फेट तयार होतें, आणि उरलेलें आम्ल पाण्यासारखें पातळ होत जातें. उलट दिशेनें वीज भरली कीं, सल्फेट विरघळून आम्ल पुन्हां तीव्र होतें. बॅटरींत वीज पाण्यासारखी भरून ठेविलेली नसते. तेथें रासायनिक फेरबदल सांठविलेला असतो. बॅटरी रिकामी करून बरेच दिवस तशीच ठेविली, तर त्या सल्फेटाचे कठीण खडे होतात व मग तें सहजासहजीं विरघळत नाहीं. वापरानें जितक्या बॅटऱ्या मरतात, त्याहून अधिक या हेळसांडीनें मरतात, असें जुने मिस्त्री सांगतात तें उगीच नव्हे.

दोन बॅटऱ्यांचीं कामें किती भिन्न आहेत, हें थोड्या गणितानें स्पष्ट होईल. पूर्वीं मोटार सुरू करण्यास पुढें उभें राहून हँडल मारावें लागे. विजेवर चालणारा 'सेल्फ' १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत प्रथम आला. डिझेल इंजिनाचा सेल्फ सुमारें २०० अँपिअर प्रवाह ओढतो असें धरा. इंजिन तीन सेकंदांत सुरू झालें, तर खर्च झाला २०० गुणिले ३, म्हणजे ६०० अँपिअर-सेकंद. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे हा खर्च एक षष्ठांश अँपिअर-तास इतकाच झाला! याउलट पंखा २ अँपिअर व दिवा १ अँपिअर असे आठ तास चालले, तर २४ अँपिअर-तास गेले. म्हणजे पंखा-दिव्याच्या एका रात्रींत गाडी सुमारें दीडशें वेळां सुरू करण्याइतकी वीज जाते. सेल्फला थोडी वीज लागते, पण एकदम लागते. पंख्यास पुष्कळ लागते, पण सावकाश. म्हणून इंजिनाच्या बॅटरींत पातळ पत्रे पुष्कळ असतात, त्यायोगें मोठा प्रवाह झटक्यानें बाहेर पडतो. परंतु तिला वरचेवर खोलवर रिकामी केली तर ते पत्रे लवकर झडतात. घरकामाच्या बॅटरीचे पत्रे जाड असतात. तिला हळूहळू रिकामें होणें व पुन्हां भरणें सोसतें. घोड्याचें काम बैलास आणि बैलाचें घोड्यास सांगूं नये, तसेंच हें.

मात्र या दोघींस भरणारा एकच, तो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. तो साधारण १४ व्होल्टांच्या दाबानें वीज देतो. तेव्हां प्रश्न असा कीं, गाडी चालू असतां दोनही बॅटऱ्या एकत्र जोडलेल्या असाव्या आणि गाडी थांबतांच त्या वेगळ्या व्हाव्या, हें साधावें कसें? पहिला उपाय म्हणजे हातानें फिरविण्याचा खटका. तो स्वस्त आहे. पण दमूनभागून मुक्कामास आलेला माणूस तो फिरविण्यास हमखास विसरतो. दुसरा उपाय रिलेचा. गाडीच्या पुढच्या फळीवर बॅटरीचें चित्र असलेला तांबडा दिवा असतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊं लागला कीं तो मालवतो. त्याच खुणेवर रिलेचें चुंबक ओढलें जातें व दोन बॅटऱ्या जोडल्या जातात. इंजिन थांबतांच चुंबक सुटतें व त्या विलग होतात. तिसरा उपाय म्हणजे दाब ओळखणारा रिले. पहिल्या बॅटरीचा दाब सुमारें १३.३ व्होल्टांवर चढला कीं तो जोडतो, आणि १२.८ च्या खालीं उतरला कीं तोडतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत माणसाच्या आठवणीवर कांहीं अवलंबून राहत नाहीं, हा त्यांचा मोठा गुण. शिवाय सेल्फ फिरत असतां दुसऱ्या प्रकारांत रिले उघडा असतो, म्हणून सेल्फचा प्रचंड प्रवाह दुसऱ्या बॅटरीच्या तारेंतून धांवत नाहीं. जुन्या गाड्यांत क्वचित् डायोडचा वापरही आढळतो. परंतु साधा डायोड वाटेंतच अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब खातो व बॅटरी कायमची अर्धपोटीं राहते.

अर्धपोटीं राहण्याचें याहूनही नेहमींचें कारण म्हणजे बारीक तार. ट्रॅव्हलरचें इंजिन पुढें आणि दुसरी बॅटरी मागें. जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर तार धरूं. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा इतक्या लांबीचा विरोध ०.०७ ओहम भरतो. तिच्यांतून २० अँपिअर वाहिले, तर १.४ व्होल्ट वाटेंतच जिरतील. अल्टरनेटरनें १४.२ दिले, तरी बॅटरीपाशीं पोंचले १२.८, एवढ्या दाबानें बॅटरी नीट भरावी कशी? तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर नुकसान सुमारें ०.२ व्होल्टांवर येतें. आमच्या स्नेह्यांच्या गाडींत पलंगास हजारों रुपये खर्चिले होते आणि तारेंत शें-दोनशें वांचविले होते. जुन्या गाडींत आणखी एक ठिकाण तपासावें. परतीचा प्रवाह पुष्कळदां गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून जातो. तेथील जोड गंजलेला असला, तर जाड तारही व्यर्थ होय. तो जोड घासून स्वच्छ करावा व घट्ट आवळावा.

तार जाड झाली म्हणजे दुसरें एक भय उत्पन्न होतें. तिचें वेष्टन घासलें जाऊन ती सांगाड्यास टेकली, तर बॅटरीचा सर्व जोर त्या एका जागीं येऊन तार लाल होते व गाडी पेट घेते. म्हणून फ्यूज हवाच. आणि तो एक नव्हे, दोन. सामान्य तारेच्या एकाच टोंकास उगम असतो. या तारेच्या दोनही टोंकांस बॅटरी आहे. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या अगदीं जवळ एक एक फ्यूज बसवावा. फ्यूज हा तारेच्या रक्षणाकरितां असतो, हें ध्यानांत ठेवून तारेस सोसेल त्याहून मोठा तो कधींही घालूं नये. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं जाड तारेचा तुकडा बांधणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहींत. पण ज्या गाडींत मुलें निजतात, तींत हें धाडस अक्षम्य होय.

तसेंच वायूचें. बॅटरी भरत आली म्हणजे तिच्यांतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, आणि हें मिश्रण एका ठिणगीनें भडकतें. म्हणून पलंगाखालीं उघडी बॅटरी ठेवणें अगदीं चुकीचें. तिला घट्ट बसविलेली, आम्लास दाद न देणारी पेटी असावी व त्या पेटींतून गाडीबाहेर नळी काढावी. घरोघरीं इन्व्हर्टरची उंच बॅटरी असते. ती जाड पत्र्यांची असल्यामुळें कित्येक जण तीच गाडींत घालतात. परंतु ती एका जागीं स्थिर राहण्याकरितां केलेली असून घाटांतल्या हिसक्यांनीं तिच्यांतील आम्ल सांडण्याची भीति असते. गाडीकरितां आम्ल न सांडणारी, बंदिस्त बॅटरी घ्यावी हें उत्तम.

आतां धान्य किती आणि तोंडें किती, याचा हिशेब. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेतली, तरी तिच्यांतील निम्मेच खर्चावे. त्याहून खोल गेल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे हातीं आले ५०. दोन दिवे मिळून १ अँपिअर, चार तास: ४. पंखा २ अँपिअर, आठ तास: १६. मोबाईल फोन भरण्यास १ अँपिअर, तीन तास: ३. बेरीज २३. या हिशेबानें दोन रात्री सुखानें निघतात. पण शीतपेटी आली कीं गणित फिरतें. तिचें यंत्र चालतें तेव्हां ४ अँपिअर घेतें असें धरा, आणि उन्हाळ्यांत चोवीस तासांपैकीं तें एकूण दहा तास चालतें असें समजा. म्हणजे ४० अँपिअर-तास तिचेच. एकूण ६३ झाले, आणि जवळ आहेत ५०. तेव्हां एकतर शीतपेटी रात्रीं बंद ठेवावी, किंवा रोज कांहीं तास गाडी चालवावी, किंवा छपरावर सूर्याच्या उजेडावर वीज देणारी पाटी बसवावी. शंभर वॉटची अशी पाटी निरभ्र दिवशीं सुमारें २५ अँपिअर-तास देते. आषाढांत मात्र तिच्या भरंवशावर राहूं नये. घरांतील जमाखर्च ज्या मातोश्री लिहितात, त्यांस हा हिशेब शिकविण्याची गरज नाहीं. आम्हां विज्ञानाचें नांव घेणारांसच ती होती.

बॅटरींत किती उरलें, हें ओळखण्यास साधा व्होल्टमापक पुरतो. मात्र गाडी थांबून व सर्व दिवे बंद होऊन दोन-तीन तास लोटल्यावर तो लावावा. १२.६ किंवा अधिक दाखविल्यास बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, आणि १२ च्या खालीं गेल्यास ती विनाविलंब भरावी. झांकणें उघडणारी बॅटरी असेल, तर हायड्रोमीटरनें आम्लाचें विशिष्ट गुरुत्व पाहावें. भरलेल्या बॅटरींत तें १.२५ ते १.२८ असतें व रिकामी होतांना उतरत जातें. पातळी कमी झाल्यास शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. नळाचें किंवा विहिरीचें घालूं नये, आणि आम्ल तर मुळींच घालूं नये. हें काम करतांना डोळ्यांवर चष्मा असावा, हातांतील आंगठी-कडें काढून ठेवावें, आणि मुलांनीं वडील माणसांवांचून तेथें हात घालूं नये. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर बॅटऱ्या भरून ठेवाव्या व अधूनमधून पुन्हां भराव्या. निकामी बॅटरी भंगारांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. शिसें हें विष आहे. ती विकणाऱ्याकडेच परत द्यावी. २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांनीं ती परत घेऊन नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

हल्लीं लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या मिळूं लागल्या आहेत. त्या वजनानें कमी व जवळजवळ पूर्ण खर्चितां येण्याजोग्या असतात. परंतु जुन्या गाडींत त्या रिलेनें सरळ जोडूं नयेत. त्यांचा आंतील विरोध फार थोडा असल्यामुळें त्या इतका प्रवाह ओढतात कीं, जुना अल्टरनेटर तापून जळण्याचा संभव असतो. त्यांच्याकरितां प्रवाहास मर्यादा घालणारें निराळें भरणयंत्र मध्यें बसवावें लागतें. अगदीं नव्या गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं अल्टरनेटरचा दाब यंत्रच कमी-अधिक करितें. तेथेंही साधा रिले फसतो व तेंच भरणयंत्र लागतें. जुन्या ट्रॅव्हलरचा अल्टरनेटर साधा, एकमार्गी. म्हणून तिला साधा रिले शोभतो.

आमच्या स्नेह्यांच्या गाडींत आतां जाड तार, दोन फ्यूज, एक रिले आणि बाहेर नळी काढलेली पेटी आहे. हें सारें काम भोसरीच्या एका लहानशा गॅरेजमध्यें दोन दिवसांत झालें, आणि त्यास लागलेला पैसा त्या पलंगाच्या गादीहून अधिक नव्हता. दिवाळीच्या सुटींत आम्ही पुन्हां त्याच गांवीं, त्याच जागीं मुक्काम केला. रात्रीं मुद्दाम पंखा व दिवे लावून ठेविले. पहाटे दुसऱ्या बॅटरीचा दाब १२.३ पर्यंत उतरला होता. मग त्या धाकट्यासच पुढच्या आसनावर मालकांच्या मांडीवर बसवून किल्ली फिरविण्यास सांगितलें. गाडी पहिल्याच हांकेस ओ देती झाली. ज्यांनीं पूर्वीं गाडी लोटली होती त्यांतील एक आजोबा ओट्यावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "आज आमची गरज नाहीं वाटतें!" आम्हीं त्यांस आंत बोलावून चहा दिला, आणि दोन कणग्यांची गोष्ट सांगितली. ती त्यांस आमच्याहून लवकर समजली.